दुसऱ्या मजल्यावरचं बक्षीस

१

दर बुधवारी सकाळी पावणेअकराला ग्रंथपालबाई वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावरची संगणकाची खोली उघडत, खिडक्या ढकलत, आठ खुर्च्या मांडत आणि प्रत्येक खुर्चीपुढे एक लाल पेन्सिल ठेवत. दारावर पाटी होती: ‘फसव्या ईमेल कशा ओळखाव्यात’. विद्यार्थी आठ, सगळे साठीच्या पुढचे. कुणाला मोतीबिंदू, कुणाच्या कानात यंत्र, पण जिभा मात्र सगळ्यांच्या शाबूत होत्या.

बाईंना या वर्गाचं वेडच होतं. वाचनालयाचा एक जुना सभासद लॉटरीच्या ईमेलपायी राहतं घर घालवून बसला होता. शेवटचं पुस्तक परत करायला आला तेव्हा त्याने बाईंकडे वर मान करून पाहिलंसुद्धा नव्हतं. ती खाली घातलेली मान बाईंच्या डोक्यात बसली होती. फसवणाऱ्या माणसाला जन्मात क्षमा नाही, असं त्यांचं सरळ मत होतं आणि ते त्या चारचौघांत खणखणीत सांगत.

पहिल्या बुधवारी दाखवायला त्यांनी एक नमुन्याचं पत्र स्वतःच रचलं. वाचनालयातल्या जुन्या टाइपरायटरवर टंकलं, आठ प्रती काढल्या आणि मूळ कागद कपाटात कुलपाखाली ठेवला. ‘महाभाग्य वितरण मंडळ’ असं ठसठशीत नाव दिलं आणि खाली सही ‘वितरण अधिकारी’ यांची. आत सात चुका पेरल्या. विजेत्याला नावाने हाक नाही, नुसतं ‘प्रिय विजेते’. बक्षीस मिळण्यापूर्वी शुल्क भरा. अठ्ठेचाळीस तासांत कळवा, नाहीतर संधी गेली. कुणाला सांगू नका. आणखीही होत्याच. शेवटी गंमत म्हणून लिहिलं, ‘कार्यालय: याच इमारतीत, दुसरा मजला.’

त्यावर वर्ग खो खो हसला. कारण वाचनालयाला तळमजला होता, पहिला मजला होता आणि त्यावर गच्ची. गच्चीवर पाण्याची टाकी आणि तिच्या सावलीत कबुतरं, एवढंच काय ते.

“म्हणजे बक्षीस कबुतरं वाटणार,” घड्याळजी म्हणाले. घड्याळजी म्हणजे चौकातले घड्याळदुरुस्तीवाले, सहा फुटी माणूस. ओळख करून देताना त्यांनी सांगितलं होतं की आई त्यांना ‘ठेंगू’ म्हणायची, आणि आई गेल्यावर आता फक्त बायको म्हणते.

आठवी विद्यार्थिनी बाईंची सख्खी मोठी बहीण होती. ताई एकतीस वर्षं एका थिएटरच्या बाल्कनीच्या दारावर उभी राहून लोकांची तिकिटं फाडत होती. थिएटर पडलं, ताई निवृत्त झाली, नवरा आधीच गेला होता. आता दोघी बहिणी एकत्र राहत. ताई वर्गाला यायची ती शिकायला कमी आणि धाकट्या बहिणीची फिरकी घ्यायला जास्त.

वर्ग संपल्यावर बाईंनी कागद गोळा केले आणि सवयीने मोजले. आठ.

२

पुढच्या बुधवारी घड्याळजी हातात एक कागद फडकवत आले.

“बाई, तुम्ही पण ना! आता ईमेलवर पण गृहपाठ पाठवता होय?”

त्यांच्या ईमेलवर आलेलं पत्र त्यांनी छापून आणलं होतं. महाभाग्य वितरण मंडळ. सही वितरण अधिकारी. कार्यालय दुसरा मजला. बाईंनी रचलेलं पत्र, शब्द न् शब्द तेच. फक्त एक जागा वेगळी होती. ‘प्रिय विजेते’च्या ऐवजी लिहिलं होतं, ‘प्रिय ठेंगू’.

बाई हसल्या, कारण वर्गासमोर हसणंच बरं होतं. मग त्यांनी विचार केला. पत्र कुठल्याही संगणकात कधीच नव्हतं. आठही प्रती परत आलेल्या. म्हणजे आठांपैकी कुणीतरी पाठ केलं आणि चेष्टा केली. ताईच असणार. ताईच्या अंगात खोडी होतीच.

“माझ्या ढोपराने केली असेल चेष्टा,” ताई म्हणाली. “मला अजून त्या यंत्रात स्वल्पविराम सापडत नाही.”

बाईंनी ताबडतोब सगळं रीतसर केलं. उत्तर नाही, लिंकवर बोट नाही, पाठवणाऱ्याला अडवलं, तक्रार नोंदवली. तक्रारीच्या क्रमांकावर एक कंटाळलेला पोलीस होता.

“पैसे गेले का?”

“नाही.”

“मग?”

“पत्र मी लिहिलंय,” बाई म्हणाल्या, आणि आपण काय बोललो हे कानावर पडल्यावर त्यांनी फोन ठेवला.

त्या दिवशी त्यांनी वर्गात शुल्काची चूक समजावली. “बक्षीस देणारा आधी पैसे मागत नाही. मागितले की समजायचं, पाणी मुरतंय.” सगळ्यांनी लाल पेन्सिलीने गोल केले. वर छतावर काहीतरी सरकलं. जमिनीवरून खुर्ची ओढावी तसा आवाज होता, थोडका, जणू कुणी नीट ऐकू यावं म्हणून पुढे सरसावून बसलं.

“कबुतरं,” घड्याळजी म्हणाले, पण या वेळी हसले नाहीत.

बाईंनी कागद गोळा केले. नऊ निघाले.

३

नववा कागद बाकीच्यांसारखाच होता. त्यावरचे लाल गोल मात्र हाताने काढल्यासारखे वाटत नव्हते, इतके ते गोल होते. त्या दिवशी शिकवलेली चूक त्यात अचूक पकडली होती. आणि अजून न शिकवलेल्या बाकीच्याही.

बाईंनी शिपायाला विचारलं. तो म्हणाला, झेरॉक्स यंत्राने एक जास्त सोडली असेल. बरोबर आहे, बाई मनाशी म्हणाल्या, यंत्रं असं करतात. गोलांचं मात्र त्यांनी शिपायाला विचारलं नाही.

त्या गच्चीवर गेल्या. पहिल्या मजल्यावरून वर बारा पायऱ्या, मग लोखंडी दार, दाराला कुलूप. किल्ली फक्त त्यांच्याकडे. दार उघडल्यावर अंगावर ऊन आलं, टाकी गळत होती आणि गच्चीभर बोटभर धूळ होती. धुळीत पावलं होती ती फक्त कबुतरांची. बाईंनी पाच मिनिटं उभं राहून आपल्याच विचारांची खरडपट्टी काढली, कुलूप लावलं आणि खाली आल्या. खाली उतरताना त्यांना वाटलं की पायऱ्या तेरा झाल्या. त्यांनी पुन्हा मोजल्या नाहीत.

मग ते दर आठवड्याला होऊ लागलं. पत्र कुणाला ना कुणाला यायचं, आणि बाईंनी ज्या चुकीवर बोट ठेवलं असेल ती पुढच्या पत्रातून गेलेली असायची. शुल्क गेलं. घाई गेली, तिथे आलं, ‘सवडीने या, आम्ही आहोतच.’ ‘कुणाला सांगू नका’ गेलं, तिथे आलं, ‘घरच्यांना जरूर विचारा.’ आडमुठी भाषा गेली आणि पत्र इतकं गोड झालं की वाचताना बाईंच्या घशाशी आलं. मागणं एकच उरलं होतं: उत्तरात फक्त ‘हो’ असं लिहा.

एक चूक त्यांनी मुद्दाम मोठ्याने शिकवली. “तुम्ही तिकीटच काढलं नाही, तर तुम्हाला लॉटरी लागेल कशी?”

“मी काढलंय की एक,” ताई म्हणाली. “थिएटर बंद झालं त्या शेवटच्या खेळाला मालकाने आम्हाला प्रत्येकी एक तिकीट दिलं होतं. बाल्कनी, पहिली रांग. पण बदलीची बाई आलीच नाही, मग दारावर उभं राहायला मीच. माझं तिकीट मीच फाडलं, अर्धं पेटीत टाकलं आणि अर्धं ठेवलं. अजून डबीत आहे. सिनेमा काही पाहिला नाही.”

वर्ग हसला. ताईही हसली, पण बाईंना तिच्या हसण्यात काहीतरी कमी वाटलं. वर खुर्ची सरकली.

४

त्यानंतरच्या बुधवारी घड्याळजी आले नाहीत. बाई दुपारी त्यांच्या दुकानात गेल्या.

त्या दुकानात गेलं की भिंतीभर टिकटिक असायची, बोलायचं तर आवाज चढवावा लागायचा. त्या दिवशी आत शिरल्यावर बाई उंबऱ्यातच थांबल्या. सगळी घड्याळं बंद होती. किल्ली न दिलेली, प्रत्येक आपापल्या वेळेला थांबलेलं. घड्याळजी एका खुर्चीवर दाराकडे तोंड करून बसले होते, हात मांडीवर, चेहरा प्रसन्न.

“या, या बाई,” ते म्हणाले. “मला मिळालं.”

“काय मिळालं?”

“वर आहे.”

“काय आहे वर?”

“मी हो म्हटलं,” घड्याळजी म्हणाले, जणू तेच उत्तर होतं. “आता घाई नाही.”

पडद्याआडून त्यांची बायको आली. रडून तिचे डोळे सुजले होते. ती म्हणाली, “तीन दिवस हे असंच. जेवतात, झोपतात, विचारलं तर बोलतात. पण बघा,” आणि तिने अगदी हळू हाक मारली, “ठेंगू.”

घड्याळजींनी वळून पाहिलं नाही.

“ठेंगू, अहो.” ती त्यांच्या समोर येऊन उभी राहिली. “ठेंगू!”

ते तिच्याकडे हसून पाहत होते, पाहुण्याकडे पाहावं तसे. ती हाक आता त्यांची नव्हती. जन्मभर जे नाव ऐकून ते वळत आले होते, ते कुणीतरी त्यांच्यातून नखाने वाळका पापुद्रा काढावा तसं काढून घेतलं होतं. बाकी माणूस जागच्या जागी होता. बाईंना एकदम इतका राग आला की भीतीला उभं राहायला जागाच उरली नाही.

रस्त्यावर चालताना त्या विचार करू लागल्या. ठेंगू हे नाव त्या पत्रं पाठवणाऱ्याला कसं कळलं? घड्याळजींनी ते पहिल्या दिवशी वर्गात सांगितलं होतं. शुल्काचं, घाईचं, गुपिताचं कसं कळलं? बाईंनी वर्गात शिकवलं होतं. याचा अर्थ, वर्गात बोललं गेलं तेवढंच त्याला ठाऊक होतं. त्याबाहेरचं काही नाही.

‘म्हणजे विद्यार्थी आहे तर,’ त्या मनात म्हणाल्या. ‘आणि माझाच.’

५

शनिवारी सकाळी ताई टेबलाशी बसून चहा पीत होती. चहा निवला होता. तिच्यापुढे मोबाईल होता आणि मोबाईलशेजारी ती जुनी पत्र्याची डबी.

“चिमणे,” ताई म्हणाली. या नावाने ती बाईंना फक्त महत्त्वाचं बोलायचं असलं की हाक मारायची. “मला आलंय.”

बाईंनी वाचलं. सातांपैकी एकही चूक त्यात नव्हती. ताईचं नाव बरोबर, भाषा साधी, मागणं काही नाही. मजकूर जेमतेम चार ओळींचा होता. ‘आपण शेवटच्या खेळाचं तिकीट काढलं होतं. आपलं उरलेलं अर्धं आमच्याकडे आहे. आपली जागा राखून ठेवली आहे. बुधवारी बारा वाजता दुसऱ्या मजल्यावर या, किंवा नुसतं हो कळवा.’

“पुसून टाक,” बाई म्हणाल्या.

“का?”

“का म्हणजे? घड्याळजींना पाहिलंस ना? तुला मी सगळं सांगितलं ना?”

“सांगितलंस.” ताईने डबीचं झाकण उघडलं आणि लावलं. “पाची बोटं सारखी नसतात, चिमणे. शंभर पत्रं खोटी आली म्हणून एकशे एकावं खरं नसेलच असं कुठे आहे?”

“ताई, ते पत्र मी रचलंय! मी, टाइपरायटरवर, या दोन हातांनी!”

“हे नाही रचलंस. माझ्या तिकिटाचं तू कधी रचलं नसतंस. तुझ्या लक्षातसुद्धा नव्हतं ते.”

ते खरं होतं.

“एकतीस वर्षं मी लोकांना आत सोडलं,” ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, म्हणून तो जास्त लागला. “लग्न झालेली, पळून आलेली, एकटी, सगळी आत गेली. दार लोटून मी बाहेर. आतून टाळ्या ऐकू यायच्या. आणि तुझ्या वर्गात तू दर आठवड्याला काय शिकवतेस? की जे कुणी म्हणेल, या, तुमची जागा ठेवलीय, ते माझ्यासाठी असूच शकत नाही. शिकले मी. छान शिकले. पण एकदा मला जाऊन बघू दे.”

“आणि परत आलीस तेव्हा चिमणी म्हटलं तर तुला कळलं नाही तर?” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फाटला. “मला हाक मारणारं दुसरं कोण आहे, ताई?”

ताईने डबी जवळ ओढली. शेवटी ताई म्हणाली, “हो नाही लिहिणार. तेवढं तुझं ऐकते. पण बुधवारी वर जाणार.”

ताईने एकदा ठरवलं की ब्रह्मदेवाचा बापही तिला हलवू शकत नसे. बाईंनी दिवसभर अबोला धरला, दुसऱ्या दिवशी सोडला, आणि सोमवारी बसून धडा तयार केला. आयुष्यात इतका काळजीपूर्वक धडा त्यांनी केला नव्हता.

६

बुधवारी त्यांनी खुर्च्या मांडल्या त्या नऊ. नऊ पेन्सिली, नऊ कागद. घड्याळजींची खुर्ची रिकामी होती आणि नववीही. ताई डबी घेऊन दारापाशी बसली होती, डोळे घड्याळाकडे.

“आज शेवटची खूण,” बाई म्हणाल्या. “ही पुस्तकात नाही, म्हणून नीट ऐका.” त्या वर्गाकडे पाहत होत्या, पण आवाज छताकडे टाकत होत्या. “आपल्याला आता खोटी पत्रं ओळखता येतात. पण खरा कसा ओळखायचा? सांगते. खरा आधी देतो. काही मागायच्या आत, हो म्हणायच्या आत, दाराशी यायच्या आत. ज्याचं जे असेल ते त्याच्या हातात देतो, आणि घेतलेलं असेल तर परत करतो. जो आधी देत नाही तो खोटा, मग त्याचं पत्र कितीही गोड असो. झालं. आता यावर चाचणी.”

वर खुर्ची सरकली नाही. त्याऐवजी पेन्सिल चालल्याचा आवाज आला, अगदी बारीक, छताच्या आतून. मग तोही थांबला.

पाऊण वाजल्यासारखं वाटलं, पण भिंतीवर बाराला पाच कमी होते. बाईंच्या पर्समधला फोन वाजला. घड्याळजींची बायको होती. ती हसत होती की रडत होती कळेना. “बाई, अहो, वळले! मी स्वयंपाकघरातून सवयीने ठेंगू म्हटलं आणि म्हणाले, काय गं? आणि आता मला बोलताहेत, घड्याळांना किल्ली का नाही दिली म्हणून!”

बाईंनी फोन कानाला लावूनच दाराकडे पाहिलं. ताईची खुर्ची रिकामी होती.

७

जिन्यावर बारा पायऱ्या, मग लोखंडी दार, हे बाईंना पाठ होतं. बारा झाल्या आणि दार आलं नाही. जिना वळला, आणि पुढे तितक्याच पायऱ्या होत्या, तशाच, फक्त त्यांच्या कडा झिजलेल्या नव्हत्या. बाईंना भीती वाटली. ‘वाटू दे,’ त्या मनात म्हणाल्या आणि पदर खोचून चढल्या.

वर एक लाकडी दार होतं. ताई त्याच्यासमोर उभी होती, पाठ ताठ. एकतीस वर्षं ती दाराला पाठ करून उभी राहिली, आज दाराकडे तोंड करून. दाराखालून पांढरा उजेड येत होता. आतून माणसं बसली असल्याची चाहूल लागत होती; खाकरणं, कापडाची सळसळ, दिवे मालवायच्या आधी प्रेक्षक करतात ती कुजबुज.

“ताई.”

“थांब,” ताई म्हणाली. “देतोय.”

दाराखालच्या फटीतून एक हात बाहेर येत होता, मनगटापर्यंत. त्यात अर्धं तिकीट होतं, पिवळं, थेट त्या काळचं. हात स्वच्छ होता, नखं कापलेली. बाईंना आधी कळेना की त्या हातात चुकतंय काय. मग कळलं. त्याची पाचही बोटं सारखी होती.

ताईने वाकून तिकीट उचललं. तिचे डोळे भरले होते. तिने डबी उघडली, आपलं अर्धं काढलं, आणि नेहमीच्या सवयीने, कुणी न सांगता, दोन्ही कडा एकमेकींना लावून पाहिल्या.

आतली कुजबुज थांबली.

लहानपणी ताईचा उजवा अंगठा दारात सापडून मोडला होता आणि तो कधी नीट वळला नाही. त्यामुळे तिने फाडलेल्या तिकिटाची कड तिरकी जायची आणि खालच्या टोकाला एक शेपूट उरायचं. एकतीस वर्षांत तिच्या हातून एकही तिकीट सरळ फाटलं नव्हतं. डबीतल्या अर्ध्याला ते शेपूट होतं. हातातल्या अर्ध्याची कड सरळ होती, पट्टी ठेवून कापावी तशी. एकही चूक नव्हती त्यात.

हे ताई वर्गात कधी बोलली नव्हती.

“अरेरे,” ताई म्हणाली. आधी ती फक्त दुःखी झाली, एखाद्या ओळखीच्या माणसाने खोटं बोलावं तशी. मग तिची मान वर झाली आणि आवाज एकतीस वर्षं जिथे होता तिथे परत आला. “ओ साहेब! हे तिकीट माझं नाही. बनावट तिकिटावर मी कुणाला आत सोडलं नाही, आणि बनावट तिकिटावर मी आत जाणारही नाही. माझी जागा रिकामी राहिली तर राहू दे.”

हात तसाच होता, तळवा वर, वाट पाहत.

“मागे घ्या,” ताई म्हणाली. “दार लागतंय.”

आणि तिने खालच्या फटीवर पाय आपटला. हात आत गेला का ते बाईंनी पाहिलं नाही. त्यांनी ताईचा दंड धरला होता आणि दोघी खाली धावत होत्या. दोन साठीच्या बायका, एक डबी, आणि मागे काहीतरी एकदाच, फार हळू, खुर्ची मागे सरकवून उभं राहिल्याचा आवाज. बारा पायऱ्या झाल्या आणि पहिला मजला आला. खोलीत सहाजण माना खाली घालून चाचणी लिहीत होते.

“चिमणे,” ताई धापा टाकत म्हणाली.

“काय?”

“काही नाही. हाक मारून बघितली.”

बाई तिथेच, सगळ्यांसमोर, तिच्या गळ्यात पडल्या.

८

वर्ग बंद करा, असं शिपाई म्हणाला. गच्चीचं दार विटांनी बुजवा, असंही म्हणाला. बाईंनी दोन्ही ऐकलं नाही. “माझा वर्ग मी बंद करायचा? वरच्याने करावं त्याचं दार बंद,” त्या म्हणाल्या.

आता बुधवारी ताई दारावर असते. तिने साध्या कागदाची तिकिटं कापून आणली आहेत. येईल त्याला ती एक देते, आपल्या वाकड्या अंगठ्याने फाडते, अर्धं त्याला आणि अर्धं दुसऱ्या एका पत्र्याच्या डबीत. बाईंसकट आठ माणसं, आठ अर्धी. वर्ग संपला की बाहेर पडताना प्रत्येकाने आपलं अर्धं डबीतल्याशी जुळवून दाखवायचं. घड्याळजी त्यावर दर वेळी कुरकुर करतात आणि दर वेळी आपलं अर्धं शर्टाच्या खिशात जपून ठेवतात. पत्रं येणं थांबलं आहे. बाई तरीही शिकवतात, पण आता एक गोष्ट त्या कधीच वर्गात बोलत नाहीत: आपण खरंखोटं ओळखतो ते नक्की कशावरून.

गेल्या बुधवारी आठही जणांनी जुळवून दाखवलं, आणि डबीत एक अर्धं उरलं.

ताईने ते उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. कड तिरकी होती. टोकाला शेपूटही होतं, फक्त उलट्या बाजूला, डाव्या अंगठ्याने फाडावं तसं. वर, छताच्या आत, काहीच हललं नाही. कुणीतरी निकालाची वाट पाहत असावं इतकं काहीच नाही.

“शिकतोय मेला,” ताई म्हणाली.

तिने त्या अर्ध्याचे शांतपणे चार तुकडे केले, पायाखालच्या टोपलीत टाकले आणि छताकडे बघून मोठ्याने सांगितलं, “जागा नाही. पुढच्या खेळाला बघू.”

मग तिने अंगठा पदराने पुसला, आणि तो त्यानंतर कुणाला दिसणार नाही असा मुठीत मिटून घेतला.